दारिद्र्याची किंमत आणि पंडिता रमाबाई

दारिद्र्य हे दरिद्री मनुष्याचे खासगी दुःख आहे, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. ज्याच्या घरची चूल पेटली नाही तो उपाशी निजतो. शेजाऱ्यास त्याची कीव येते, फार तर तो पदरचे शेरभर जोंधळे देतो, आणि आपले कर्तव्य झाले असे मानून दार लावून घेतो. त्या उपाशी घराबरोबर आपलेही काही बुडाले, असे त्याच्या मनात येत नाही. ही समजूत चुकीची आहे. मोटेचा नाडा एका ठिकाणी झिजला तर विहिरीत पडते ती सबंध मोट. समाजाचेही तसेच आहे. जे मूल उपासमारीने दगावले, त्याच्या हातून पुढे होणारे काम समाजास कधीच मिळत नाही. जे शाळेतून काढून मजुरीस धाडले, त्याची बुद्धी पडीक जमिनीप्रमाणे तशीच राहते. दरिद्री वस्तीत शिरलेली पटकी माडीवाल्याच्या घरापुढे थांबत नाही. आणि ज्यांस वेळेवर भाकरी व विद्या मिळाली नाही, त्यांच्यासाठी समाजास पुढे दवाखाने, अनाथालये आणि तुरुंग यांवर कितीतरी पट अधिक खर्च करावा लागतो.

हा हिशेब आकडे मांडून दाखविता येईल. परंतु आकडे वाचून मनुष्याचे मन क्वचितच हलते. म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे एक चरित्र ठेवीत आहो. पंडिता रमाबाईंचे नाव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? कोणी त्यांस विदुषी म्हणून, कोणी विधवांची कैवारी म्हणून, तर कोणी ख्रिस्ताची सेविका म्हणून ओळखतात. परंतु त्यांच्या आयुष्याकडे आणखी एका बाजूने पाहण्यासारखे आहे. दारिद्र्य समाजाचे काय हिरावून नेते, हे त्यांनी तरुण वयात आपल्याच घरी पाहिले. आणि दारिद्र्याच्या तोंडातून एकेक जीव ओढून काढला म्हणजे समाजास काय लाभते, हे त्यांनी उत्तरवयात स्वतः करून दाखविले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृताचे मोठे पंडित होते. तरुणपणी ते पुण्यास अध्ययन करीत असता त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे पेशव्यांच्या वाड्यात शिकविण्यास जात. तेथे राजघराण्यातील एक स्त्री शुद्ध संस्कृत श्लोक म्हणते, हे अनंतशास्त्र्यांच्या दृष्टीस पडले, आणि आपल्या पत्नीसही हे ज्ञान द्यावे असे त्यांनी मनाशी ठरविले. प्रथम पत्नीच्या वेळी घरच्यांनी तो बेत चालू दिला नाही. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. तो योग गोदावरीच्या तीरी यात्रेत असता जुळून आला, असे चरित्रकार सांगतात. नववधू लक्ष्मीबाईंचे वय त्या वेळी अवघे नऊ वर्षांचे होते. शास्त्रीबोवांनी त्यांस घेऊन अरण्याची वाट धरली आणि तेथे त्यांस संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. लोकांनी तक्रार केली. तेव्हा उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे उभे राहून, स्त्रियांस संस्कृत शिकविणे शास्त्राविरुद्ध नाही, हे त्यांनी आधार दाखवून सिद्ध केले.

असे हे घर होते. घरात ज्ञान होते, शील होते, धर्मनिष्ठा होती. आरंभी जमीनजुमलाही होता. परंतु गंगामूळच्या त्या आश्रमात विद्यार्थी व यात्रेकरू यांची सदा रीघ लागलेली असे. शास्त्रीबोवांस कोणास नाही म्हणणे ठाऊक नव्हते. आलेल्यास जेवू घालावे, विद्यार्थ्यास ठेवून घ्यावे, मागेल त्यास द्यावे, असे करता करता कर्ज झाले आणि ते फेडण्यासाठी मालमत्ता गेली. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असता कुटुंबाने आश्रम सोडला. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून मजुराच्या डोईवर दिले आणि मंडळी डोंगर उतरली, असे सांगतात. तेव्हापासून क्षेत्रोक्षेत्री देवळात बसून पुराण सांगणे आणि श्रोते जी दक्षिणा ठेवतील तीवर निर्वाह करणे, असा क्रम सुरू झाला.

या भटकंतीतच रमाबाईंचे शिक्षण झाले. वडील वृद्ध झाले होते, म्हणून शिकविण्याचे काम आईने घेतले. पहाटे पाखरांच्या किलबिलाटाबरोबर आई मुलीस जागी करी, मांडीशी घेऊन बसे आणि पाठ देई. बारा-पंधरा वर्षांच्या वयात रमाबाईंस हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत झाले. वडील भाऊ श्रीनिवास व बहीण कृष्णाबाई हीही त्याच संस्कारात वाढली. विद्येच्या दृष्टीने पाहिल्यास त्या काळी साऱ्या देशात या कुटुंबाची बरोबरी करणारी कुटुंबे थोडीच निघाली असती.

आणि तरीही ते कुटुंब अन्नावाचून मेले.

सन १८७४ ते १८७७ या वर्षांत दक्षिण हिंदुस्थानावर दुष्काळाचे सावट पसरले. त्यातील अखेरचा महादुष्काळ, १८७६ ते १८७८ चा, म्हैसूर, मद्रास, मुंबई इलाखा आणि निजामाचे राज्य यांवर कोसळला आणि त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. दुष्काळात पुराणास श्रोता कोठून मिळणार आणि दक्षिणा कोण ठेवणार? शास्त्रीबोवांनी उरलेले दागिने विकले, चांदीची भांडी विकली, पितळेची विकली. हाती होते नव्हते ते पुण्यप्राप्तीच्या आशेने व्रतवैकल्ये व दानधर्म यांत खर्ची पडले. शेवटची कवडी संपली तेव्हा अभिमानी मनाची ती पाच माणसे कोणापुढे हात पसरण्यापेक्षा अरण्यात जाऊन मरण पत्करावे, या विचाराने रानात शिरली. अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडांची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढली. वडिलांची दृष्टी गेलेली होती. त्यांनी पवित्र तळ्यात देह टाकण्याचे ठरवून एकेका मुलास जवळ घेऊन निरोप दिला. तेव्हा श्रीनिवास पुढे झाला आणि आपण जातीचा व विद्येचा अभिमान सोडून मोलमजुरी करतो, परंतु सर्वांस जगवितो, असे त्याने सांगितले. मंडळी रानातून बाहेर पडली. पण उशीर झाला होता. उपासाने खंगलेल्या देहास ताप आला आणि थोड्याच दिवसांत वडील वारले.

त्यामागून आईची पाळी आली. आई अंथरुणावर पडली असता तिच्यासाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावा म्हणून रमाबाई शेजारच्या एका घरी गेल्या. अठरा हजार श्लोकांचे भागवत ज्या जिभेवर खेळत असे, त्या जिभेस भाकरी एवढा एक शब्द उच्चारता येईना. त्या घरच्या बाईने त्यांचे तोंड पाहूनच भाकरी दिली. रमाबाई ती घेऊन आईजवळ आल्या. परंतु आईस ती खाण्याची शक्ती उरली नव्हती. आई गेली तेव्हा खांदा देण्यास माणसे मिळेनात. स्मशान तीन मैल दूर होते. अखेर दोन ब्राह्मणांस दया आली. भाऊ एका बाजूस आणि रमाबाई दुसऱ्या बाजूस लागल्या. त्या अंगाने ठेंगण्या, म्हणून तिरडीचे टोक त्यांस खांद्यावर न घेता डोक्यावर घ्यावे लागले. त्यानंतर काही महिन्यांनी बहीण कृष्णाबाईही निवर्तली.

या ठिकाणी आम्ही वाचकांस थोडे थांबावयास सांगतो. या तीन मृत्यूंत समाजाचे काय गेले? अनंतशास्त्र्यांसारखा, स्त्रीस विद्या द्यावी असे पंडितांच्या सभेत सिद्ध करणारा पुरुष गेला. ज्या बाईंनी मुलीस अरण्यात व वाटेवर संस्कृत पढविले, अशी गुरुमाता गेली. त्यांच्याजवळ जे ज्ञान होते त्याचा उपयोग करून घेणारी एकही शाळा त्या काळी त्यांच्यासाठी उभी नव्हती. लक्ष्मीबाईंनी एका मुलीस शिकविले त्यातून पंडिता रमाबाई निर्माण झाल्या. त्यांस शंभर मुली शिकविण्यास मिळाल्या असत्या तर काय झाले असते, याचे उत्तर आता कोणी देऊ शकत नाही. त्या महादुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली. त्यांत कुणबी होते, विणकर होते, कुंभार होते, लहान लेकरे होती. त्यांपैकी कोणामध्ये कोणता गुण दडलेला होता, हे कळण्यापूर्वीच त्यांचा अंत झाला. दारिद्र्य समाजाकडून जी किंमत घेते तिची पावती देत नाही, म्हणूनच ती आपल्या ध्यानात येत नाही.

दुसरीही एक गोष्ट रमाबाईंनी या प्रसंगातून मनाशी धरली, आणि पुढे ती उघडपणे लिहिली. आपल्या घरी विद्या होती, परंतु पोट भरण्याचा एकही धंदा कोणास येत नव्हता, आणि अंगमेहनत करणे कमीपणाचे वाटत होते. ज्या विद्येस हाताची जोड नाही ती दुष्काळात उपयोगी पडत नाही. पुढे बाईंनी जी संस्था उभारली तिचा पाया या अनुभवात घातलेला आहे.

उरलेली दोन भावंडे पायी चालत निघाली. सुमारे चार हजार मैल त्यांनी तुडविले. दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत व तेथून पूर्वेस बंगालपर्यंत ती गेली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून त्यांत ती दोघे निजली आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. पांघरूण विकत घेण्यास पैसा नव्हता. सन १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिचे ज्ञान पाहून ते थक्क झाले. पंडिता व सरस्वती या पदव्या तिला अर्पण करण्यात आल्या. काही वर्षांपूर्वी जी मुलगी भाकरीच्या तुकड्यासाठी परक्या दारात उभी होती, तीच ही. ती जगली म्हणून ती सरस्वती झाली. तशाच ज्या जगल्या नाहीत, त्यांस कोण काय म्हणाले असते?

सन १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास डाक्का येथे वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. जातिभेद मोडून झालेला हा विवाह त्या काळी मोठ्या धाडसाचा होता. सन १८८१ मध्ये त्यांस मनोरमा ही कन्या झाली. परंतु संसार दोन वर्षेही टिकला नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला. तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई कडेवर मूल घेऊन पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रीधर्मनीति नावाचे पुस्तक मराठीत लिहिले. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. स्त्रियांस शिकविण्यास स्त्री शिक्षिका पाहिजेत आणि त्यांच्यावर औषधोपचार करण्यास स्त्री डॉक्टर पाहिजेत, असे त्यांनी स्पष्ट मांडले. परपुरुषापुढे दुखणे सांगता येत नाही म्हणून घरोघरी स्त्रिया उपचाराविना मरत होत्या, हे त्यांच्या पाहण्यात होते. आजारी आईच्या मागे सबंध घर बसते आणि आई गेल्यावर लेकरे देशोधडीस लागतात, हे वैजापुरातील कोणत्याही गृहस्थास वेगळे सांगावयास नको.

सन १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्याच्या हेतूने बाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. लंडनजवळ फुलहॅम येथे त्या भगिनींचे एक आश्रयगृह होते. दारिद्र्याने व फसवणुकीने वाममार्गास लागलेल्या स्त्रियांस तेथे जवळ करून, प्रेमाने वागवून, काम शिकवून पुन्हा उभे करीत. समाजाने ज्यांस टाकाऊ ठरविले त्याही माणसांचे मोल असते, ही गोष्ट रमाबाईंच्या मनावर तेथे कायमची ठसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात पुष्कळ वाद माजला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. त्यांच्या पुढील कार्याचे एक मूळ त्या आश्रयगृहात आहे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

तेथून त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. तेथे स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीत. सन १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे गेल्या व दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. तेथे त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, शाळा पाहिल्या, ठिकठिकाणी व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी इंग्रजीत पुस्तक लिहून १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि बाईंच्या नियोजित शाळेस दहा वर्षे साहाय्य देण्याचे त्याने मान्य केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई नावाची बालविधवा होती. त्या काळच्या रूढीप्रमाणे विधवा म्हणजे घरातील बिनमोलाची मोलकरीण. तिला विद्या नाही, कमाई नाही, मान नाही. ती जिवंत असून समाजाच्या जमेस धरली जात नसे. गोदूबाई शारदा सदनात शिकल्या. सन १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. त्या साऱ्या खटाटोपात गोदूबाईंनी, म्हणजे बायाबाई कर्व्यांनी, आयुष्य वेचले. ज्या एका मुलीस जगाने ओझे मानले तिच्यावर एका शाळेने काही वर्षे खर्च केला, आणि त्याचे फळ महाराष्ट्रातील मुलींच्या पिढ्यान्‌पिढ्या खात आहेत. विद्यार्थ्यांनो, व्याजाचे गणित तुम्ही वर्गात सोडविता. याचे व्याज किती झाले, ते तुम्हीच सांगा.

शारदा सदन १८९० मध्ये पुण्यास आले. सन १८९३ मध्ये काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे म्हणून मोठी खळबळ उडाली, सल्लागार मंडळातील थोर पुरुषांनी आपला संबंध सोडला आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहीत. अमेरिकेची मदत दहा वर्षांनी संपणार, तोपर्यंत संस्था स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, या दूरदृष्टीने त्यांनी पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि तीत फळझाडे लाविली. दानावर चालणारे घर कसे कोसळते, हे त्यांनी बाळपणी पाहिले होते.

सन १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. या खेपेस मध्य प्रांतात विशेष हाहाकार झाला. सरकारने मदतकार्यावर सात कोटींच्या घरात रुपये खर्च केले, तरीही लक्षावधी माणसे गेली. बातमी कानी येताच रमाबाईंस वीस वर्षांपूर्वीचे ते अरण्य आठवले, आणि त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. मदतकेंद्रांत व अन्नछत्रांत हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या. त्याहून भयंकर म्हणजे, अनाथ मुलींस भाकरीचे आमिष दाखवून विकत नेणारी माणसे तेथे गिधाडांप्रमाणे फिरत होती. दुष्काळ धान्यच नव्हे तर अब्रूही स्वस्त करतो. बाईंनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर चालला होता आणि एवढ्या माणसांस शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. तेव्हा बाई त्यांस घेऊन केडगावच्या शेतावर गेल्या. प्रथम तंबू व गवती छपरे, मग दगडी इमारती, असे करता करता तेथे मुक्ती सदन उभे राहिले.

सन १८९९-१९०० मध्ये आणखी भयंकर दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून गुजरातेत त्यास आजही छप्पनिया म्हणतात. बाईंच्या माणसांनी गुजरातेतून शेकडो मुली आणल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या जवळ जाऊन पोहोचली. एवढ्या तोंडांस नुसते खाऊ घालणे हेच मोठे काम. परंतु बाईंनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. प्रत्येक मुलीने सकाळी शिकावे आणि दुपारी हाताने काम करावे, किंवा त्याच्या उलट, असा क्रम त्यांनी घातला. माग बसविले, तेलाचे घाणे लाविले, गाईम्हशी पाळल्या. शिवण, रंगकाम, धुलाई, सुतारकी, गवंडीकाम, शेती हे सारे मुली शिकल्या. छापखाना काढला आणि त्यात खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंत सर्व कामे स्त्रियाच करीत. आंधळ्यांसाठी वेगळे सदन काढून त्यांस बोटांनी वाचावयास व वेताचे विणकाम करावयास शिकविले. ज्या मुलीस दुष्काळाने रस्त्यावर टाकले होते तीच पाच-सात वर्षांनी शिक्षिका, परिचारिका, विणकरीण अथवा गृहिणी होऊन बाहेर पडे, आणि समाजाचे ओझे न राहता समाजाचा आधार होई.

रमाबाईंच्या घराच्या व मुक्ती सदनाच्या दोन दुष्काळांत हाच मोठा फरक आहे. पहिल्या दुष्काळात विद्या होती, पण हातास काम नव्हते. म्हणून विद्याही मेली. दुसऱ्यात विद्या आणि काम यांची गाठ घातली गेली. म्हणून जी माणसे मृतवत होती तीही उठून उभी राहिली. भुकेलेल्यास भाकरी द्यावी, ही दया झाली. भुकेलेल्यास भाकरी मिळविण्याचे सामर्थ्य द्यावे, ही दया तर खरीच, परंतु तीत समाजाचे शहाणपणही आहे.

आयुष्याच्या अखेरीस बाईंनी बायबलाचे भाषांतर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत करण्याचे काम हाती घेतले; अल्पशिक्षित बाईसही ते समजावे, हा त्यांचा हेतू होता. सन १९१९ मध्ये सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. सन १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या, संस्थेचा उजवा हात मनोरमाबाई, त्यांच्याआधी गेली. तो घाव सोसून बाईंनी काम चालूच ठेवले आणि भाषांतर तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे शांतपणे देह ठेवला. तो ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात पूर्ण छापला गेला. केडगावची संस्था आजही चालू आहे. सन १९८९ मध्ये भारत सरकारने बाईंच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्या वैजापूर तालुक्यास दुष्काळ हा पुस्तकातला शब्द नव्हे. दक्षिणेच्या शिवेवरून गोदावरी वाहते, नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याचे पाणी काही गावांस मिळते. तरी पुष्कळ शेती आजही मृगाच्या ढगांकडे डोळे लावून बसते. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडलेली माणसे अनेक घरांत अद्याप आहेत. त्या दुष्काळातील कामांच्या अनुभवातूनच महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. भुकेल्यास भीक न घालता काम द्यावे आणि त्या कामातून गावास बंधारा, रस्ता, विहीर मिळावी, हे त्याचे तत्त्व. श्रीनिवास डोंगरे मजुरीच्या शोधात रानातून बाहेर पडला तेव्हा असा कायदा असता, तर त्याच्या आईबापांचे प्राण कदाचित वाचले असते.

परंतु कायदा काही एकटा सारे करीत नाही. पाऊस हुकला की काय होते, हे मराठवाड्यातील प्रत्येक शिक्षक जाणतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि हजेरीपटावर काही नावांपुढे रिकाम्या चौकटी वाढत जातात. मुलगा कोयता उचलण्याजोगा झाला म्हणून जातो. मुलगी धाकट्यास सांभाळण्यासाठी जाते. एखादी परत येते ती गळ्यात मंगळसूत्र घेऊन. लग्नाचा खर्च पुढे वाढेल आणि दारात वाढलेली पोर जोखमीची, असा हिशेब बाप करतो. आम्ही त्या बापास दोष देत नाही. पोटाची आग फार वाईट. परंतु त्याचा हिशेब अपुरा आहे, एवढे नम्रतेने सांगतो. आज वाचलेला खर्च उद्या तिच्या बाळंतपणाच्या दुखण्यात, अशक्त लेकरात आणि पुन्हा त्याच मजुरीत दामदुपटीने फेडावा लागतो. आणि तो एकटा बाप फेडीत नाही. गाव फेडते, तालुका फेडतो, देश फेडतो.

तेव्हा पालकांस आमची विनंती अशी की, वर्ष कितीही वाईट येवो, मुलामुलींची शाळा ही सर्वांत शेवटी सोडावयाची गोष्ट समजा. बियाणे खाऊन टाकणारा शेतकरी पुढच्या मृगास काय पेरणार? ज्यांच्या घरी देवाच्या दयेने कणगी भरलेली आहे, त्यांनी शेजारच्या मुलाची एक वही, एक गणवेश, अथवा आईबाप कारखान्यावर गेले असता चार महिने राहण्याची सोय, एवढा भार उचलावा. ते दान नव्हे. गावाच्या रकमेची ती ठेव होय.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या बाकावर शेजारी बसणारा मुलगा फाटक्या सदऱ्यात आला म्हणून त्यास हसू नका, आणि तो चार दिवस आला नाही तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करा. हातांनी काम करण्याची लाज धरू नका. झेलमच्या काठी वाळूत निजलेली ती अनाथ मुलगी कोणी ओळखली नव्हती. तिच्यासारखे कोण आज तुमच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, उपाशी पोटी बसले आहे, हे तुम्हांस किंवा आम्हांस ठाऊक नाही. ठाऊक नाही, म्हणूनच एकासही गमावणे आपणांस परवडणारे नाही.